प्रद्युम्नरावांची पन्नाशी

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत प्रद्युम्नरावांच्या घराण्याविषयी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, फक्त त्यांच्यासमोर ती कुणी काढत नसे. त्या घरातले पुरुष पन्नाशी पाहत नाहीत. पणजोबा शेताच्या बांधावर टेकले ते उठलेच नाहीत. आजोबा कचेरीतून आले आणि पायांवर पाणी घेता घेता गेले. वडील, अप्पा, चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले, भरल्या ताटावरून. धाकटे काका त्यानंतर काही वर्षांनी, रेल्वेच्या फलाटावर. कुणी नागाचा शाप म्हणे, कुणी जुन्या पूर्वजाचं काही राहून गेलेलं कर्म. प्रद्युम्नरावांच्या आईने, वरलक्ष्मीबाईंनी, पिंपळाखाली नागाचे दगड बसवले, रामेश्वरी जाऊन समुद्रस्नान केलं, शुक्रवारचे उपास धरले. नवरा गेल्यावर ते सगळं त्या मुलासाठी करू लागल्या.

अप्पा गेले तेव्हा प्रद्युम्न शाळेच्या शेवटच्या वर्गात होता. पुढे त्याने सर्व्हेचा डिप्लोमा केला, ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीत भूमापक म्हणून चिकटला आणि सगळ्यांचा ‘प्रद्युम्नराव’ झाला. रोज सकाळी बस, दिवसभर साखळी-खुंट्या घेऊन भातखाचरांत वणवण, संध्याकाळी परत. माणूस सडपातळ, चालण्यात चपळ, खाण्यात साधा. ताकभात आणि लिंबाचं लोणचं असलं की त्यांना दुसरं काही लागत नसे. अशा माणसाच्या रक्तात काही बिघाड असेल असं कुणाच्या मनात यायचं कारणच नव्हतं.

तिशीला आल्यावर स्थळं येऊ लागली. आईने एक पसंतही केलं. तेव्हा प्रद्युम्नराव तिच्याजवळ बसून इतकंच म्हणाले, “आई, ज्या वयात तुझं कपाळ पुसलं गेलं, त्या वयात दुसऱ्या बाईचं पुसलेलं मला या घरात बघायचं नाही.” वरलक्ष्मीबाई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या. तो विषय पुन्हा निघाला नाही.

यामुळे ते कुढत बसले असं मात्र नाही. गल्लीत कुणाचं लग्न असो, कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, प्रद्युम्नराव सगळ्यांच्या आधी हजर. पण स्वतःचं असं काही त्यांनी दूरवरचं कधी ठरवलं नाही. बढतीची परीक्षा दिली नाही, कारण प्रशिक्षण लांबलचक होतं. मागच्या खोलीचं गळकं छप्पर बदललं नाही, वर ताडपत्री टाकली. आई गेली, धाकटी बहीण वासुकी पापनाशमला आपल्या संसारात रमली. अप्पांचं वय उलटून गेल्यावर तर त्यांना दर वाढदिवशी अवघडल्यासारखं होई. तिकीट एका गावाचं काढावं आणि बस त्याच्या पुढे निघून जावी, कंडक्टरच्या अजून ध्यानात आलेलं नसावं, असं.

शेजारी सेतुराममामा राहत. शाळेतले निवृत्त ड्रिल मास्तर, वय शहाण्णव. रोज सकाळी स्वतः बाजारात जाऊन पालेभाजी निवडून आणत आणि भाजीवालीशी तमिळमध्ये कडाकडा भांडत. त्यांचे वडील नव्वदी ओलांडून गेले होते आणि थोरली बहीण कुंभकोणमला अजून स्वतःच्या हाताने सुपारी कातरत होती. अप्पा गेल्यापासून प्रद्युम्नरावांच्या पाठीवर हात ठेवणारं माणूस म्हणजे हेच मामा.

या मामांमुळेच डॉक्टर सुप्रभा गल्लीत आल्या.

बाई बेंगळुरूच्या एका संशोधन संस्थेत काम करत. घराणं मूळचं तंजावूरचंच, पण त्या चेन्नईत वाढलेल्या. मराठी बोलत ती घरात ऐकून शिकलेली, तमिळचा हेल घेऊन. माणसं म्हातारी का होतात, आणि काही माणसं इतक्या उशिरा का होतात, याचा किती भाग जन्मतः रक्तात लिहिलेला असतो, हे त्या शोधत होत्या. आपली मराठी घराणी त्यांना या कामी फार सोयीची वाटली होती. तंजावूरला आल्यापासूनच्या तीनशे वर्षांत ती आपापसांतच सोयरीक करत आली, थोडकीच राहिली, आणि कोण कुणाचा आत्तेभाऊ हे अजून सगळ्यांना तोंडपाठ. एका कल्याण मंडपात, म्हणजे लग्नकार्यालयात, त्यांनी शिबिर लावलं आणि नव्वदीच्या पुढच्या सगळ्यांना बोलावलं.

मामांनी अट घातली. “मला एकट्याला टोचायचं नाही. प्रद्युम्नलाही टोचा. आणि नंतर काफी पाहिजे.”

“बरोबरच आहे,” डॉक्टर सुप्रभा हसून म्हणाल्या. “मला दोन्ही तऱ्हेची माणसं लागतात. नुसत्या दीर्घायुषी माणसांचं रक्त बघून काय कळणार? त्याच समाजातल्या इतरांशी ताडून पाहिलं तरच फरक दिसतो.”

प्रद्युम्नराव मनात म्हणाले, आमच्याइतकी उलट्या टोकाची माणसं तुम्हाला दुसरी मिळायची नाहीत. त्यांनी बाही वर केली. संमतीच्या कागदावर एक प्रश्न होता: तपासणीत तुमच्या तब्येतीविषयी काही आढळलं, तर कळवावं का? त्यांनी ‘नको’वर खूण केली. जे ठाऊकच आहे ते पुन्हा कशाला ऐकायचं?

रक्त देऊन झाल्यावर ते मामांना धरून खुर्चीत बसवत होते. डवऱ्याच्या वाटीतली कॉफी ग्लासात ओतून त्यांनी मामांच्या हातात दिली, तेव्हा समोर उभ्या असलेल्या डॉक्टर सुप्रभांची नजर त्यांच्या हातांवर थांबली.

“अण्णा, बोटांच्या सांध्यांवर हे काय आहे?”

“ह्या गाठी? अप्पांनाही होत्या, काकांनाही. दुखत नाहीत. आमच्या घराची खूण म्हणतात.”

“चप्पल काढाल जरा?”

प्रद्युम्नराव ओशाळले. पण बाईंनी सरळ खाली वाकून त्यांच्या टाचेमागची शीर चिमटीत धरून पाहिली. दोन्ही पायांची. ती दोरखंडासारखी जाड झाली होती.

“अप्पा किती वर्षांचे होऊन गेले? कशाने?”

“आमच्याकडे जातात,” प्रद्युम्नराव म्हणाले. मग त्यांना बोलण्याचा रोख कळला आणि ते उठून उभे राहिले. “डॉक्टरअम्मा, मी नको म्हणून लिहून दिलंय.”

“ते प्रयोगशाळेत जे सापडेल त्याच्याबद्दल. आत्ता मी प्रयोगशाळेत नाही. तुमचे हात माझ्या डोळ्यांसमोर आहेत आणि मी डॉक्टर आहे. तरी तुम्ही गप्प बस म्हणालात तर बसेन.”

“गप्प बसा,” प्रद्युम्नराव अदबीने म्हणाले आणि मामांना घेऊन दाराकडे वळले.

मागून डॉक्टर सुप्रभांचा आवाज आला. “ठीक आहे. पण एवढंच ऐकून जा. मला जे वाटतंय ते खरं असेल, तर त्याला औषध आहे.”

त्या एका वाक्याने प्रद्युम्नरावांची झोप उडाली. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता, यांना राग आला. बसमध्ये खिडकीशी बसून ते त्या बाईंवर मनातल्या मनात चिडत राहिले. औषध आहे म्हणे! मग आईचे उपास कशासाठी होते? मी रिकामं घर घेऊन बसलो तो कशासाठी? मरण कधी येणार याच्याशी त्यांनी मोठ्या कष्टाने जुळवून घेतलं होतं. ती घडी कुणीतरी विस्कटायला निघालं होतं. कालव्याच्या पुलाचा चढ चढताना छातीत आवळल्यासारखं होई, तेही त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आपली वेळ जवळ आली, इतकंच त्यांनी त्यावरून ताडलं होतं.

पोंगलला ते नेहमीप्रमाणे पापनाशमला वासुकीकडे गेले. तिचा मुलगा साईराम कॉलेजच्या कबड्डी संघात होता. सणाच्या दिवशीही सरावाला निघाला होता. बूट घालताना त्याने तोंड वाकडं करून टाच चोळली.

“काय झालं रे?”

“काही नाही मामा. इथे दुखतं अधूनमधून. खेळून खेळून सुजलंय असं कोच म्हणतात.”

प्रद्युम्नराव खाली बसले. भाच्याचा पाय त्यांनी हातात घेतला आणि टाचेमागची शीर चिमटीत धरली. जाड, टणक. अगदी त्यांच्यासारखी. ते तसेच पायरीवर बसून राहिले. आतून वासुकी गूळपोंगलची वाटी घेऊन आली, तेव्हा त्यांनी तिच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. तिच्या पापण्यांच्या कोपऱ्यांत पिवळसर ठिपके होते. ते त्यांनी कित्येकदा पाहिले होते, वयाचे म्हणून सोडून दिले होते.

आजवर त्यांचा पक्का समज होता की हा शाप पुरुषाकडून पुरुषाकडे जातो. आपण लग्न केलं नाही, म्हणजे तो आपल्यापाशी संपला, याचं त्यांना मनातून समाधान होतं. लेकीकडून तो दुसऱ्या घरात जाईल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

अंगणात येऊन त्यांनी डॉक्टर सुप्रभांना फोन लावला. साईरामची टाच, वासुकीचे ठिपके, सगळं सांगितलं.

“पोरगा आमच्या गोत्राचाही नाही हो! बहिणीचा मुलगा आहे तो.”

“अण्णा, याला गोत्र कळत नाही,” पलीकडून शांत आवाज आला. “मूल अर्धं आईकडून घेतं, अर्धं बापाकडून. रक्तातली चरबी उचलून यकृताकडे न्यायची, हे काम ज्या जनुकाकडे असतं, त्यात तुमच्या घरात बिघाड असावा. म्हणून चरबी लहानपणापासून रक्तात साचत जाते. शिरांत, गाठींत, शेवटी हृदयात. बायकांना हा त्रास उशिरा होतो, म्हणून तुमच्या लक्षात आलं नाही. प्रत्येक मुलाला हे मिळण्याची शक्यता निम्मी.”

“आणि औषध?”

“रोज एक-दोन गोळ्या. जन्मभर. जितक्या लवकर सुरू कराल तितकं चांगलं. साईरामचं वय किती?”

“विसावं चालू आहे.”

“मग घाबरू नका. त्याच्या बाबतीत आपण वेळेवर आलोय. पण आधी तुम्ही तपासून घ्या. कधी छातीत आवळतं का?”

आतून कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून प्रद्युम्नराव अंगणाच्या कडेला सरकले. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते मान्य केलं. “पुलावर आवळतं.”

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. तिघांचंही रक्त तपासलं, तिघांचीही चरबी भलतीच वाढलेली निघाली. प्रद्युम्नरावांच्या हृदयाची एक वाहिनी जवळजवळ बुजली होती. तंजावूरच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी ती फुगा घालून उघडली आणि आत जाळीची नळी बसवली. खोलीत आणल्यावर त्यांना पहिल्यांदा दिसले ते सेतुराममामा. मामा खाटेशेजारी बसून मोठमोठ्याने वर्तमानपत्र वाचत होते आणि नर्स त्यांना दटावत होती.

रविवारी डॉक्टर सुप्रभा बेंगळुरूहून भेटायला आल्या. प्रद्युम्नराव उशीला टेकून बसले होते. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी मनात अडकलेलं विचारलं. “डॉक्टरअम्मा, अप्पांना ही गोळी मिळाली असती तर?”

सुप्रभाबाईंनी खुर्ची जवळ ओढली. “अप्पा गेले तेव्हा ही गोळी आपल्या गावात कुणाकडेच नव्हती. तुमच्या आईने जे केलं, ते त्या वेळी करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं. कुणी काही चुकलं नाही.”

प्रद्युम्नरावांनी भिंतीकडे तोंड वळवलं. खांदे हलत होते. अप्पा गेले तेव्हा घरात मोठा पुरुष आपणच म्हणून त्यांनी दात आवळून धरले होते, ते रडू आता या परक्या खोलीत बाहेर पडलं. मामांनी वर्तमानपत्राची घडी केली.

त्यानंतर दोन्ही घरी रोज रात्रीच्या जेवणावर गोळ्या आल्या. साईराम सुरुवातीला टाळाटाळ करी, म्हणे मी काय म्हातारा झालोय? प्रद्युम्नरावांनी त्याला रागावून पाहिलं, समजावून पाहिलं. शेवटी त्याला दवाखान्यात नेऊन स्वतःच्या हृदयाचं चित्र दाखवलं. बुजलेली वाहिनी आणि उघडलेली वाहिनी, शेजारी शेजारी. पोरगा त्या दिवसापासून सरळ झाला. कबड्डीही सुटली नाही.

पुलाचा चढ आता ते न थांबता चढू लागले. पण मनाला सवय व्हायला वेळ लागला. पुढे अजून आयुष्य आहे, हे एखाद्या माणसाला सेहेचाळिसाव्या वर्षी सांगितलं की त्याने काय करायचं असतं? ते काही दिवस गोंधळल्यासारखे हिंडले. मग एका सकाळी त्यांनी गवंडी बोलावला, मागच्या खोलीचं छप्पर उतरवून नवं घातलं. पुढच्या वर्षी बढतीची परीक्षा दिली. वर्गात सगळी पोरंसोरं, त्यात हे एकटे केस पिकलेले.

पन्नासावा वाढदिवस आला तो साधा मंगळवार होता. प्रद्युम्नराव पहाटे जागे झाले आणि अंथरुणावर पडल्या पडल्या पाखरांचा आवाज ऐकत राहिले. काहीच घडलं नाही. दूधवाला आला. कॉफीचं डिकाशन पडलं. वासुकी आणि साईराम पहिल्या गाडीने पापनाशमहून आले. मामा, आता शंभरीतले, काठी टेकत उंबऱ्यात येऊन उभे राहिले.

“पन्नाशीचं आपल्यात काही करत नाहीत,” मामा म्हणाले. “साठीचं करतात. तारीख नीट बघून ठरव. मला त्या आठवड्यात दुसरं काही ठेवायचं नाही.”

प्रद्युम्नराव वाकून त्यांच्या पाया पडले. त्या घरात कुणा पुरुषाने पन्नाशी पुरी केल्याचं पाहणारं माणूस आजवर झालं नव्हतं. वासुकी दाराआड डोळे पुसत होती.

कचेरीत राजम नावाच्या बाई टायपिस्ट होत्या. वडील लवकर गेल्यावर धाकट्या भावंडांना मार्गी लावण्यात लग्नाचं वय निघून गेलेलं. कचेरीजवळच्या जुन्या धर्मशाळेच्या, मुक्तांबाळ छत्राच्या, सावलीत दुपारचा डबा दोघं कित्येक वर्षं एकत्र खात आली होती. त्यांच्या उडदाच्या डांगराची चव प्रद्युम्नरावांना आईच्या हाताची आठवण करून देई. आजवर त्यांनी तेवढंच म्हणायची हिंमत केली होती. वाढदिवसानंतर एके दिवशी डबा उघडण्याआधीच ते म्हणाले, “राजम, मी आता मरणार नाही.”

राजमबाईंनी चमचा खाली ठेवला. “कधीच?”

“तसं नव्हे. म्हणजे, लगेच नाही. डॉक्टर म्हणतात, नेमाने गोळ्या घेतल्या तर चार माणसांसारखं जगेन. म्हणून म्हटलं, तुम्हाला विचारावं...”

वाक्य अर्धवटच राहिलं. राजमबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. “हे विचारायला तुम्हाला डॉक्टरांची परवानगी लागली? मला तुम्ही दोन वर्षं जगणार असतात तरी चाललं असतं. मला कुणी विचारलंच नाही.”

दुसऱ्याच्या वाट्याचा निर्णयही आपण इतकी वर्षं आपल्याच मनाने घेत आलो, हे प्रद्युम्नरावांना तेव्हा लख्ख कळलं. राजमबाईंनी डांगराचा डबा त्यांच्यापुढे सरकवला. “खा आधी. आणि लग्नातल्या कुंकवाच्या साडीचा रंग मी निवडणार.”

लग्न देवळात झालं, थोडक्या माणसांत. मुलाकडचे वडीलधारे म्हणून मामा बसले.

साईरामला बेंगळुरूला नोकरी लागली, तेव्हा त्याची खोली लावून द्यायला प्रद्युम्नराव आणि राजमबाई दोघंही गेले. परतीच्या आधी ते डॉक्टर सुप्रभांच्या संस्थेत पोहोचले. बाई थकलेल्या दिसत होत्या. चष्म्याच्या काचा जाड झाल्या होत्या.

“सापडलं का, मामा इतके का जगतात ते?” प्रद्युम्नरावांनी विचारलं.

त्या हसल्या. “लोकांना वाटतं एक किल्ली असेल आणि ती सापडली की झालं. तसं नाही हो. मामांच्या घराण्यात चांगल्या अशा बारीक बारीक गोष्टी पुष्कळ एकत्र आल्यात. त्यांची चरबी फार कमी आहे, हे एक. बाकीचं मला अजून धड लावता येत नाही. आणि रोज चालत बाजारात जायचं, भाजीवालीशी भांडायचं, हे कुठल्या जनुकात शोधू? इतक्या वर्षांचं काम, आणि ठामपणे सांगावं असं फार थोडं हाताला लागलंय. कधी कधी वाटतं, मी काय केलं इतके दिवस?”

त्यांनी दोघांना आत नेलं. एका मोठ्या शीतपेटीचं झाकण उघडलं. आत धुकं होतं आणि बोटाएवढ्या नळ्यांच्या रांगा. त्यांनी एक खण वर उचलून दाखवला. “ही मामांची. आणि त्याच खणात ही तुमची.”

प्रद्युम्नरावांनी नकळत हात जोडले. मग जरा लाजले आणि बाईंकडे वळले.

“डॉक्टरअम्मा, तुम्ही शोधायला आलात मामांचं आयुष्य, ते अजून तुम्हाला मिळालं नाही. पण माझं मिळालं. वासुकीचं मिळालं. पोरगा आज सकाळी पहिल्या पगारातून मला सदरा घेऊन देतो म्हणत होता. तुम्ही आला नसतात तर त्याच्या बाबतीतही आम्ही ‘आमच्याकडे जातात’ एवढंच म्हणून गप्प बसलो असतो. तुम्ही काय केलंत, हे तुम्हाला दिसत नसेल तर आमच्याकडे बघा.”

सुप्रभाबाईंनी झाकण लावलं. चष्मा काढून पदराने पुसला, आणि तो पुन्हा डोळ्यांवर चढवायला त्यांना जरा वेळ लागला. राजमबाईंनी पिशवीतून डाळवड्यांचा डबा काढला.

“घरचे अंबोडे आहेत,” त्या म्हणाल्या. “गार झालेत, पण चालतील. तुमच्याकडे काफी कुठे मिळते?”

“वरच्या मजल्यावर. पण ती पिण्यासारखी नसते.”

“असू दे,” प्रद्युम्नराव म्हणाले. “आम्हाला घाई नाही.”

तिघं जिन्याकडे निघाली. राजमबाई आणि सुप्रभाबाई पुढे, कुणाचं माहेर कुणाच्या कुठल्या आत्याशी लागतं याचा हिशेब जुळवत, आणि मागून प्रद्युम्नराव, डबा सांभाळत.